स्तन्यनिर्मिती व मातेचे पोषण

स्तन्यनिर्मिती व मातेचे पोषण : प्रसूतीनंतर स्तनग्रंथींत दूध तयार होणे, ते बाहेर येणे आणि मूल अंगावर पीत असेपर्यंत त्याचा पुरवठा टिकून राहणे या क्रियांना मिळून स्तन्यस्रवण म्हणतात. दूध पुरेसे येणे आणि मातेची शक्ती टिकणे या दोन गोष्टी सामान्यतः एकच समजल्या जातात. ‘आईने खाल्ले तर बाळाला दूध’ ही सर्वपरिचित समजूत त्यातूनच आलेली आहे. वास्तविक शरीरात या दोहोंचे नियंत्रण वेगवेगळ्या प्रकारे होते. स्तनातून किती दूध काढले जाते यावर दुधाचे प्रमाण मुख्यतः अवलंबून असते. आहाराने प्रामुख्याने राखली जाते ती आई. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे एकीकडे वरचे दूध अकारण सुरू केले जाते, तर दुसरीकडे मुलाचे अंग भरत आहे एवढ्यावरून माताही सुस्थितीत आहे असे गृहीत धरले जाते.

रचना व नियंत्रण : स्तनग्रंथीत द्राक्षांच्या घोसासारखे असंख्य सूक्ष्म कोष्ठक असतात. कोष्ठकांच्या अस्तरातील कोशिका रक्तातील घटकांपासून दूध तयार करतात आणि कोष्ठकांभोवती जाळ्यासारख्या पसरलेल्या संकोचशील कोशिका ते दुग्धनलिकांत ढकलतात. इंग्रज शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी १८४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील या नलिकांच्या आकृत्या दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेल्या. स्तनाचा बाह्य आकार बहुतांशी वसेवर (चरबीवर) अवलंबून असल्याने त्यावरून दुधाच्या प्रमाणाचा अंदाज करता येत नाही.

गर्भारपणाच्या उत्तरार्धातच ग्रंथी दूध तयार करण्यास समर्थ झालेली असते. परंतु वारेतून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनामुळे तिचे कार्य रोखलेले असते. प्रसूतीच्या वेळी वार पडली की हे हॉर्मोन झपाट्याने कमी होते आणि दोन ते चार दिवसांत दूध ‘उतरते’. तोपर्यंत येणारे घट्टसर, पिवळट दूध (चीक) पहिल्या दिवशी काही चमचेच असते. नवजात अर्भकाच्या जठराचा आकार पाहता ते पुरेसे असून त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण फार मोठे असते. ते पिळून टाकून देण्याची व त्याऐवजी मध किंवा साखरपाणी चाटविण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती व अद्यापही पूर्णपणे गेलेली नाही. तिच्यामुळे अर्भकाचे नुकसान होतेच. शिवाय ज्या दिवसांत स्तनाला चोखण्याची चेतना सर्वाधिक हवी असते, नेमके तेच दिवस वाया जातात.

पोष ग्रंथीच्या अर्काने सशांमध्ये दूध उत्पन्न करता येते, असे श्ट्रिकर आणि ग्र्यूटर यांनी स्ट्रासबर्ग येथे १९२८ मध्ये दाखविले. या अर्कातील क्रियाशील घटकाला पुढे प्रोलॅक्टीन हे नाव मिळाले. मूल चोखू लागले की स्तनाग्रातील तंत्रिकांमार्फत (मज्जांमार्फत) मेंदूतील अधोथॅलॅमसाकडे संदेश जातात आणि पोष ग्रंथीच्या अग्रखंडातून प्रोलॅक्टीन रक्तात येते. चोखणे थांबल्यावर त्याची पातळी काही तासांत उतरते. पाजण्यांमधील अंतर वाढले की ती खाली राहते. रात्री प्रोलॅक्टीन अधिक प्रमाणात स्रवते. त्यामुळे मातेला विश्रांती मिळावी या सद्हेतूने पहिल्या काही आठवड्यांत रात्रीचे पाजणे बंद करून बाटली दिल्यास दूध कमी होण्याचा संभव असतो. त्यापेक्षा मातेला दिवसा झोप मिळेल अशी व्यवस्था करणे अधिक हिताचे ठरते.

पहिले काही आठवडे उलटल्यावर मात्र नियंत्रणाचे केंद्र रक्ताकडून स्तनाकडे सरकते. एका स्तनातून वारंवार दूध काढले आणि दुसऱ्यातून काढले नाही, तर एकाच रक्ताभिसरणावर पोसलेल्या या दोन ग्रंथींपैकी पहिलीत दूध टिकते व दुसरीतील आटते. अशा प्रकारचे स्थानिक नियंत्रण प्रथम शेळ्यांवरील प्रयोगांत स्पष्ट झाले. कोष्ठक दुधाने तुडुंब भरून राहिले म्हणजे निर्मितीचा वेग मंदावतो. ते रिकामे झाले की वेग वाढतो. ‘दूध साठू द्यावे, मग पाजावे’ हा घराघरांत दिला जाणारा सल्ला म्हणूनच उलट परिणाम घडवून आणतो. मागणी तसा पुरवठा हा नियम बाजारात नेहमी खरा ठरतोच असे नाही; स्तनग्रंथीत मात्र तो सहसा चुकत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात पीटर हार्टमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात केलेल्या मोजमापांत स्तनांची साठवणक्षमता निरनिराळ्या स्त्रियांत कित्येक पटींनी भिन्न असल्याचे आढळले. परंतु कमी क्षमतेच्या माताही अधिक वेळा पाजून मुलाची दिवसाची गरज भागवू शकत होत्या. शेजारणीचे मूल तीन तासांनी पिते आणि आपले दीड तासाने, एवढ्यावरून दूध कमी आहे असे अनुमान काढणे त्यामुळे बरोबर नाही.

पान्हा : तयार झालेले दूध बाहेर येण्याची क्रिया स्वतंत्र आहे. तिला मराठीत ‘पान्हा’ हा नेमका शब्द आहे. चोखण्याच्या चेतनेने पोष ग्रंथीच्या पश्चखंडातून ऑक्सिटोसीन हे हॉर्मोन रक्तात येते आणि कोष्ठकांभोवतीच्या कोशिका आकुंचन पावून दूध पुढे ढकलतात. व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी १९५३ मध्ये या हॉर्मोनाचे संश्लेषण (कृत्रिम रीतीने तयार करण्याची क्रिया) जाहीर केले. १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोलॅक्टिनाला चोखण्याची चेतना लागते, ऑक्सिटोसीन मात्र मुलाचे रडणे ऐकून किंवा त्याच्या नुसत्या आठवणीनेही स्रवते. हे निरीक्षण फार जुने आहे. अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने व स्मरणाने स्तन्य प्रवृत्त होते आणि क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांमुळे ते नाश पावते, असे सुश्रुतसंहितेत नमूद केलेले आहे.

आधुनिक काळात याची प्रायोगिक प्रचीती नाइल्स व मायकेल न्यूटन या अमेरिकन संशोधक दांपत्याने १९४८ मध्ये दिली. प्रयोगातील माता स्वतः नाइल्स याच होत्या. स्वस्थपणे पाजताना त्यांचे मूल एका वेळी सरासरी १६८ ग्रॅ. दूध पीत असे. पाय बर्फाच्या पाण्यात बुडवणे, गणिते घालून चुकल्यास विजेचा धक्का देणे अशा उपायांनी त्यांना त्रस्त केल्यावर हे प्रमाण ९९ ग्रॅ.पर्यंत उतरले, तेवढाच त्रास देऊन ऑक्सिटोसिनाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) केल्यावर ते १५३ ग्रॅ. झाले. म्हणजे दूध स्तनात होतेच, ते अडले होते एवढेच. वेदना, भय, संकोच आणि चारचौघांत ‘हिला दूधच नाही’ असे बोलले जाणे यांचा परिणाम अशाच रीतीने होतो. पान्हा पुनःपुन्हा अडल्यास स्तन रिकामे होत नाहीत आणि मग मात्र निर्मितीही खरोखरच घटते.

दूध अपुरे असल्याची शंका : मूल वारंवार रडणे, सायंकाळी सतत पिऊ पाहणे, महिना-दीड महिन्यानंतर स्तन पूर्वीसारखे ताठ न होणे, पिळून पाहिल्यास दूध थोडेच येणे ही सामान्यतः दूध कमी असल्याची लक्षणे समजली जातात, यांपैकी एकही विश्वसनीय नाही. स्तन मऊ होणे हे तर पुरवठा मागणीशी जुळल्याचे चिन्ह होय. अर्भकाला पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा किंवा अधिक वेळा स्वच्छ लघवी होणे आणि वजन वाढणे या दोन खुणा महत्त्वाच्या होत. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन काहीसे घटते, सु. दोन आठवड्यांत ते मूळपदावर येते आणि त्यानंतर पहिले तीन महिने दररोज सरासरी २० ते ३० ग्रॅ. वाढ होते. वजन असे वाढत नसल्यास प्रथम मूल स्तनाला योग्य रीतीने लागते की नाही हे पाहावे लागते. केवळ स्तनाग्र तोंडात धरून चोखणाऱ्या मुलास दूध थोडे मिळते आणि मातेच्या स्तनाग्रांना चिरा पडतात. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वलयाचा बराच भाग त्याच्या तोंडात गेला पाहिजे. त्यानंतर पाजण्याची वारंवारता वाढविणे (दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा), दोन्ही अंगांना पाजणे आणि उरलेले दूध हाताने पिळून काढणे एवढ्या उपायांनी बहुसंख्य मातांचे दूध काही दिवसांत वाढते.

वरचे दूध सुरू केल्यास काय होते हे वरील विवेचनावरून सहज समजेल. बाटलीने पोट भरलेले मूल स्तनाला कमी वेळ लागते, दूध कमी तयार होते, म्हणून आणखी वरचे दूध दिले जाते आणि काही आठवड्यांत मूळची निराधार शंका खरी ठरते.

दूध खरोखरच अपुरे असण्याचीही कारणे आहेत व ती नाकारून मातेस दोष देणे अन्यायाचे होईल. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊन पोष ग्रंथीचा नाश होणे (शीहान विकृती, १९३७ मध्ये वर्णिलेली), वारेचा अंश गर्भाशयात राहणे, अवटू ग्रंथीची (थायरॉइडची) न्यूनता, स्तनावरील पूर्वीची शस्त्रक्रिया, ग्रंथीय ऊतकाची जन्मजात अल्पता ही त्यांतील प्रमुख होत. स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) असलेल्या संततिप्रतिबंधक गोळ्या व धूम्रपान यांनीही दूध घटते. अशा वेळी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. आणि मुलाचे वजन उतरत असेल, तर योग्य पूरक आहार देण्यास विलंब करणे धोक्याचे असते.

ऊर्जेचा हिशेब : केवळ अंगावर पिणारे सु. तीन-चार महिन्यांचे मूल दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलि. दूध पिते. १०० मिलि. दुधात सु. ६५ ते ७० किलोकॅलरी असल्याने दुधावाटे मातेच्या शरीरातून रोज सु. ५०० किलोकॅलरी बाहेर जातात. अन्नातील ऊर्जेचे दुधात रूपांतर होताना सु. एकपंचमांश खर्ची पडते, हे धरले म्हणजे हा खर्च ६०० च्या वर जातो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत पहिल्या सहा महिन्यांसाठी रोज ६०० व पुढील सहा महिन्यांसाठी ५२० किलोकॅलरींची अधिक तरतूद सांगितली आहे ती याच आधारावर. प्रथिनांची वाढीव गरज अनुक्रमे सु. १७ व १३ ग्रॅ. आहे. दोन मध्यम भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात ही सर्व भर निघते. एका माणसाच्या जेवणाचा हा अर्धाअधिक भाग होय. तुटपुंज्या धान्याच्या घरात तो कोणाच्या ताटातून यायचा, हा प्रश्न मात्र कोष्टकात दिसत नाही.

गर्भारपणात सुपोषित स्त्रीच्या शरीरात काही किलोग्रॅम वसा साठते. हा साठा वापरून ती रोज सु. १७० किलोकॅलरींची तूट सोसू शकते. गर्भारपणात वजन पुरेसे न वाढलेल्या स्त्रीजवळ हा साठा नसतो.

असे असूनही अर्धपोटी माता दूध देतात, आणि हेच या विषयातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण होय. सी. गोपालन यांनी कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत (हीच पुढे हैदराबाद येथे हलविण्यात आली) १९५० नंतरच्या दशकात दक्षिण भारतातील गरीब स्त्रियांच्या स्तन्याचा अभ्यास केला. निकृष्ट आहारावर राहणाऱ्या या माता दिवसाला सु. ४०० ते ६०० मिलि. दूध देत होत्या व तेही अनेक महिने. गांबियातील केनेबा या खेड्यात अँड्रू प्रेंटिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू तपासली. तेथील पाजणाऱ्या मातांच्या आहारात त्यांनी रोज सु. ७०० किलोकॅलरींची भर घातली. दुधाचे प्रमाण वाढले नाही; मातांचे वजन मात्र प्रारंभी किंचित वाढले. १९८० नंतर प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा अर्थ काहींनी मातेला अधिक अन्न देण्याचा उपयोग नाही असा लावला, तो चुकीचा होय. दूध टिकले म्हणजे त्याची किंमत कोणीतरी चुकती करीत असते. अन्नाने भरपाई झाली नाही, तर ती मातेच्या वसेतून, स्नायूंतून आणि कमी झालेल्या हालचालीतून होते. लागोपाठ बाळंतपणे झाल्यास ही झीज भरून येण्यास अवधीच मिळत नाही. दुष्काळासारखी तीव्र व दीर्घ उपासमार झाल्यास शेवटी दूधही घटते.

खनिजे व जीवनसत्त्वे : याबाबत शरीराचे धोरण दुहेरी दिसते. दुधातील कॅल्शियम व लोह यांचे प्रमाण मातेच्या आहारानुसार फारसे बदलत नाही. पाजण्याच्या काळात मातेच्या अस्थींतील खनिजांचे प्रमाण काही टक्क्यांनी घटते व दूध तोडल्यानंतर सामान्यतः पूर्ववत होते. याउलट थायामीन, रिबोफ्लाविन, ब१२ व अ ही जीवनसत्त्वे आणि आयोडीन यांची मातेत न्यूनता असल्यास दुधातही ती उतरते. सडलेल्या तांदळावर राहणाऱ्या मातांच्या अंगावर पिणाऱ्या मुलांना होणारा बाल-बेरीबेरी हा त्याचा जुना दाखला होय. दूधदुभतेही जेमतेम मिळणाऱ्या शाकाहारी मातांच्या मुलांत ब१२ च्या न्यूनतेमुळे पांडुरोग व कंप दिसतो, हा भारतीय बालरोगतज्ञांच्या नेहमीच्या अनुभवातील भाग आहे. अशा मातेच्या दुधाचे प्रमाण पाहून काहीच कळत नाही.

बाळंतिणीचा आहार : महाराष्ट्रात बाळंतिणीस अळिवाची खीर किंवा लाडू, डिंकाचे व मेथीचे लाडू, खसखस, खारीक, खोबरे, तूपभात आणि जेवणानंतर बाळंतशोपा देण्याची पद्धत आहे. हे पदार्थ दूध वाढवितात असा समज आहे. त्यांपैकी कोणाचाही स्तनग्रंथीवर प्रत्यक्ष परिणाम निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. परंतु गूळ, तूप, सुकामेवा व कडधान्ये यांनी युक्त असा थोडक्यात भरपूर ऊर्जा देणारा खाऊ एका थकलेल्या स्त्रीच्या हाती, केवळ तिच्यासाठी म्हणून ठेवला जातो, ही या प्रथेची मोठी जमेची बाजू आहे. एरवी सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेला ‘बाळासाठी’ म्हणून का होईना, प्रथम खायला मिळते. काही घरांत मात्र याच काळात पाणी, भाज्या, फळे, डाळी वर्ज्य केल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. पाजताना मातेला तहान लागते ती स्वाभाविक असून ती भागेल एवढे पाणी प्यावे. त्याहून अधिक पाणी प्याल्याने दूध वाढत नाही.

चरकसंहितेतील ‘स्तन्यजनन’ गणात वाळा, साळी, साठेसाळी, दर्भ, कुश, काश इ. दहा वनस्पतींच्या मुळांचा निर्देश आहे. आज या कामी सर्वाधिक खपणारी शतावरी त्या गणात नाही. शतावरीवर अलीकडे झालेल्या लहान चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. डोंपेरिडोन व मेटोक्लोप्रामाइड या औषधांनी प्रोलॅक्टीन वाढते. परंतु पहिल्याचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर, तर दुसऱ्याचा मनःस्थितीवर अनिष्ट परिणाम होऊ शकत असल्याने ती वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेणे इष्ट नाही. स्तन नीट रिकामे होत नसतील, तर कोणतेही औषध फार काळ उपयोगी पडत नाही.

थकवा : पाजणाऱ्या मातेच्या थकव्याचे खापर बहुधा दुधावर फोडले जाते आणि उपाय म्हणून दूध तोडण्यास सांगितले जाते. प्रत्यक्षात तुटक झोप, पांडुरोग, प्रसूत्युत्तर अवटुशोथ (थायरॉइडचा दाह) व खिन्नता ही कारणे अधिक वेळा आढळतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत पांडुरोग दिसून आला. दुधावाटे जाणारे लोह अत्यल्प असते आणि पाजण्यामुळे मासिक पाळी लांबल्यास तेवढ्या लोहाची बचतच होते; म्हणून दूध तोडल्याने पांडुरोग बरा होत नाही. प्रसूतीनंतर १८० दिवस रोज ६० मिग्रॅ. लोह व फॉलिक अम्ल असलेली गोळी घ्यावी, असे शासकीय कार्यक्रमात सुचविले आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उदासीनता, मुलाविषयी अनास्था किंवा झोपेची संधी असूनही झोप न येणे यांकडे ‘बाळंतिणीचा हळवेपणा’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

काम व कायदा : दूध वारंवार काढले जाणे ही पुरवठ्याची अट असल्याने माता व मूल एकत्र असणे, हा केवळ भावनेचा प्रश्न राहत नाही. प्रसूतिलाभ अधिनियम, १९६१ अन्वये बारा आठवड्यांची भरपगारी रजा आणि मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्या देण्यात आल्या. २०१७ च्या दुरुस्तीने रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली व पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आहेत. शेतमजूर, ऊसतोडणी कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना मात्र त्यांचा फारसा लाभ होत नाही. फडावर जाणारी बाळंतीण मूल बांधावरच्या झोळीत ठेवते; अंतर थोडे असते, पण कोयता खाली ठेवण्याची मुभा तिला क्वचितच असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क मातांना आहे. महाराष्ट्रात आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचा चौरस, शिजविलेला आहार देण्यासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू करण्यात आली. हे अन्न मातेने तेथेच बसून खावे अशी तिची रचना आहे. घरी नेलेला शिधा सर्वांत वाटला जातो, या अनुभवाचे त्यात प्रतिबिंब दिसते.

माता व मूल दूर असताना हाताने किंवा पंपाने दूध काढून ठेवल्यास पुरवठा टिकतो. अपुऱ्या दिवसांच्या, चोखण्यास असमर्थ असलेल्या अर्भकांच्या मातांना प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांपासून याच पद्धतीचा अवलंब करावा लागतो. काढलेले दूध वाटीचमच्याने पाजतात. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी स्थापन झाली. ज्यांच्या मुलांना पुरून दूध उरते अशा मातांचे दूध तेथे पाश्चरीकरण करून, स्वतःच्या मातेचे दूध न मिळणाऱ्या अर्भकांना दिले जाते.